आठाची जागा : पात्रनिर्मिती आणि उण्या निवडीची नैतिकता

१

पात्र कसे घडते, हा कथात्म साहित्याच्या समीक्षेतील जुना प्रश्न आहे. मात्र मराठी समीक्षेने त्याचा विचार बहुधा कृती पूर्ण झाल्यानंतर केला. पात्र सिद्ध झालेले असते, त्याच्या उक्ती-कृती संहितेत स्थिर झालेल्या असतात आणि समीक्षक त्यांतून त्याच्या स्वभावाची संगती लावतो. पात्र घडत असताना निर्मात्यापुढे कोणते पर्याय होते आणि त्यांतला कमी फलदायी पर्याय त्याने जाणूनबुजून का पत्करला, हे सहसा दृष्टीस पडत नाही. ज्या कलाप्रकारात ही प्रक्रिया उघड्यावर, चारचौघांच्या देखत आणि आकड्यांच्या भाषेत घडते, असा एक प्रकार गेल्या अर्धशतकात आकाराला आला. तो म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ.

या प्रकाराचे आद्य उदाहरण मानला जाणारा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची रीत थोडक्यात अशी : एक जण सूत्रधार होतो, तो कल्पित जग आणि त्यातील प्रसंग शब्दांनी उभे करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि त्या प्रसंगात आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. कृती सफल होते की निष्फळ, हे फासे ठरवितात. कथा लिहिलेली नसते. ती बोलता बोलता घडते.

खेळ सुरू होण्यापूर्वी पात्र घडवावे लागते. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तित्वाचा प्रभाव या सहा क्षमतांना आकडे द्यावयाचे असतात. १९७४ च्या नियमांत तीन फासे टाकून येईल तो आकडा क्रमाने प्रत्येक क्षमतेला मिळे. म्हणजे पात्राची घडण दैवाधीन होती. पुढे खेळाडूकडे अधिकाधिक स्वातंत्र्य आले. २०१४ च्या आवृत्तीत फासे न टाकता घेता येणारी एक ठरावीक मालिका दिलेली आहे : १५, १४, १३, १२, १० आणि ८. बेरीज ७२. कोणता आकडा कोणत्या क्षमतेला द्यावा, हे खेळाडूने ठरवावे. १० ही सर्वसामान्य माणसाची पातळी. ८ चा अर्थ असा की त्या क्षमतेच्या प्रत्येक कसोटीत फाशाच्या दानातून १ वजा होणार.

या मालिकेतून कोणालाही पळवाट नाही. आठ कुठे तरी ठेवावाच लागतो. अनुभवी खेळाडू तो जेथे कमीत कमी बाधेल तेथे ठेवतो : सैनिकाची बुद्धी, ग्रंथ चाळणाऱ्या मांत्रिकाचे बळ. परंतु एखादा खेळाडू हेतुपुरस्सर उलट करतो. तो वैद्याच्या शहाणपणाला आठ देतो, सेनापतीच्या प्रभावाला आठ देतो. याला प्रस्तुत लेखात 'उणी निवड' असे म्हटले आहे. उपलब्ध पर्यायांतला हा सर्वांत फलदायी नव्हे, हे ठाऊक असतानाही केलेली निवड, एवढाच येथे त्या संज्ञेचा अर्थ. अजाणता झालेली चूक तीत मोडत नाही.

प्रश्न असा की, अशी निवड करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर? हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. आपल्या पात्राला जाणूनबुजून अपयशाकडे नेणाऱ्या प्रत्येक लेखकाला तो लागू आहे.

२

उणेपणा आणि खेळ यांचे नाते अगदी मुळातले आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' (१९७८) या ग्रंथात खेळाची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा की अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा यत्न म्हणजे खेळ. साध्य गाठण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग नियमाने बंद केलेला असतो, आणि तो बंद आहे म्हणूनच खेळ संभवतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. खांबाला वळसा घातल्याखेरीज दिशा बदलता येत नाही. माणसाला पकडण्याचा हा मार्ग अगदीच गैरसोयीचा. पण वळण्याची मुभा दिली तर पकड सोपी होईल आणि खो-खो नाहीसा होईल.

मात्र सूट्स ज्या उणेपणाविषयी बोलतो तो सर्वांना सारखा लागू असतो. नियम मान्य केल्यानंतर प्रत्येक जण त्यांच्या चौकटीत जिंकण्यासाठी झटतो. खो-खोत कोणी मुद्दाम हळू धावत नाही. भूमिकाखेळातील उणी निवड याहून निराळी आहे. तेथे नियमांनी मोकळा ठेवलेला चांगला मार्गही खेळाडू टाळतो.

परंपरेने चालत आलेल्या आपल्या पटखेळांशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. मोक्षपटात निवड नाहीच. दान पडेल तसे शिडी किंवा साप, आणि पुण्यपापाच्या घरांतून जाणारी सोंगटी स्वतः काही ठरवीत नाही. सारीपाटात दान दैवाचे, पण कोणती सोंगटी चालवावी हे खेळणाऱ्याचे. बुद्धिबळात दैव नाही. सर्व काही निवडीवर. या तिन्ही खेळांत 'मी कोण?' हा प्रश्न उद्भवत नाही. सोंगटीला स्वभाव नसतो. भूमिकाखेळात मात्र खेळाडू आधी स्वभाव निवडतो आणि मग त्या स्वभावाने पुढच्या निवडी करतो. सी. थी नुएन यांनी 'गेम्स : एजन्सी अ‍ॅज आर्ट' (२०२०) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की खेळ हे कर्तेपणाच्याच माध्यमातून घडलेली कला आहे; खेळणारा काही काळ परकी उद्दिष्टे आपली म्हणून अंगीकारतो. ही उपपत्ती भूमिकाखेळाला लावली तर तिला एक पुस्ती जोडावी लागते. येथे अंगीकारलेले उद्दिष्ट नियमपुस्तकाने दिलेले नसते, तर खेळाडूने स्वतः रचलेले असते. त्यामुळे त्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

३

उण्या निवडीच्या बाजूने सर्वांत समर्थ युक्तिवाद अ‍ॅरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'त सापडतो. सहाव्या प्रकरणात तो म्हणतो की, कोणता पर्याय घ्यावा हे उघड नसताना माणूस काय निवडतो आणि काय टाळतो, त्यातून त्याचा स्वभाव प्रकट होतो. ज्या भाषणात असे काही नाही त्यात स्वभावदर्शनही नाही. याचा व्यत्यास महत्त्वाचा आहे. जेथे हिशेबाने एकच उत्तर निघते तेथे ते उत्तर कोणाचेही असू शकते. इष्टतम मार्ग चालणाऱ्या दहा पात्रांत फरक राहिला तर तो नावांचा.

पण येथे लगेच सावध व्हावयास हवे. 'उणी' हे विशेषण कोणत्या तरी मापाच्या अपेक्षेने वापरलेले असते. महाभारताच्या वनपर्वातील यक्षाचा प्रसंग पाहावा. चारही भाऊ निश्चेष्ट पडले आहेत. यक्ष एकाला उठवावयास तयार आहे. आणि युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. समोर युद्ध आहे, राज्य परत मिळवावयाचे आहे. बळाच्या मापाने भीम किंवा अर्जुन हेच उत्तर, आणि यक्ष तसे बोलूनही दाखवितो. युधिष्ठिराचे माप निराळे आहे : कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, म्हणून माद्रीचाही एक असावा. म्हणजे युधिष्ठिराच्या दृष्टीने त्याने उणे काही निवडलेच नाही. श्रोत्याच्या मनातील माप आणि पात्राचे माप यांतले अंतर या निवडीने उघड झाले, आणि त्या अंतरात युधिष्ठिर दिसला.

यावरून एक निकष हाती येतो. उणी निवड कलादृष्ट्या सार्थ तेव्हाच, जेव्हा तिच्यामागे दुसरे एखादे माप उभे असते. वैद्याचे शहाणपण आठ ठेवणाऱ्याला त्या आठामागे काय आहे हे सांगता आले पाहिजे. आणि ते शब्दांत नव्हे, पुढच्या खेळात. केवळ 'सर्वोत्तम नको' या हट्टातून आलेली निवड रिकामी राहते.

याच्या विरुद्ध बाजूची भूलही टाळली पाहिजे. क्षमतेत पूर्णत्व आणि स्वभावात खोली यांचे वैर असल्याची एक समजूत खेळाडूंतही आहे आणि कादंबरीच्या वाचकांतही आहे. ती तर्काला धरून नाही. अर्जुन धनुर्विद्येत अजोड आहे. म्हणून रथात बसून धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन उथळ ठरत नाही. उलट, ज्याच्यापाशी सामर्थ्य आहे त्यानेच ते खाली ठेवले म्हणून त्या क्षणाला वजन आले. तेव्हा पात्राची घडण करतानाची निवड आणि पात्राने प्रसंगी केलेली निवड यांत भेद करावयास हवा. दुबळे पात्र घडविले म्हणजे खोल पात्र घडले, असे होत नाही. आठाचा आकडा म्हणजे स्वभाव नव्हे. स्वभाव घडण्याची ती फार तर एक संधी आहे.

४

उण्या निवडीची दोन कपटी रूपे आहेत. दोन्ही साहित्यातही आढळतात, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

पहिले रूप विकत घेतलेल्या दोषाचे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या 'गर्प्स' या नियमसंचात पात्रनिर्मितीचा सारा व्यवहार गुणांकांच्या हिशेबावर चालतो. पात्राला एखादा दोष घेतला, उदाहरणार्थ भित्रेपणा, दृष्टिदोष किंवा शत्रूचा ससेमिरा, की त्याच्या मोबदल्यात काही गुणांक परत मिळतात आणि ते दुसऱ्या सामर्थ्यावर खर्च करता येतात. नियम म्हणून हा न्याय्य आहे. पण चतुर खेळाडू असाच दोष निवडतो जो कथेत क्वचितच आडवा येईल. समुद्रापासून शेकडो कोस दूर घडणाऱ्या कथेत पाण्याचे भय घेणे हे त्याचे उदाहरण. येथे दिसायला उणीव आहे, प्रत्यक्षात ती नफ्याची आहे. ज्या कादंबरीच्या नायकाचे अपयश, एकाकीपण, व्यवहारशून्यता ही सारी वाचकाची सहानुभूती मिळविण्याची साधने होतात, तीही हाच व्यवहार करीत असते. नायक सगळीकडे हरतो, पण निवेदनात नेहमी जिंकतो. त्याच्या दोषाची झळ त्याच्या प्रतिमेला कधी लागत नाही. अशा उणेपणाला नैतिक मोल देणे कठीण आहे.

दुसरे रूप स्वभावाच्या सबबीचे. खेळाडू आपल्या सोबत्यांचा घात करतो, आखलेला बेत उधळतो आणि वर म्हणतो, 'माझे पात्र असेच वागले असते.' लेखकही म्हणतात की पात्रे त्यांच्या हाताबाहेर गेली. दोहोंत काही तथ्य आहे. घडविलेल्या पात्राला एक आंतरिक संगती प्राप्त होते आणि ती निर्मात्यावर बंधन घालते. पण ते बंधन निर्मात्यानेच विणलेले असते. पात्र विश्वासघातकी आहे म्हणून त्याने घात केला हे खरे. ते विश्वासघातकी का केले, याचे उत्तर पात्राकडे मागता येत नाही. सार्त्रच्या परिभाषेत, स्वतःच्या स्वातंत्र्याला वस्तुस्थितीचा मुखवटा चढविण्याचा हा आत्मवंचक प्रकार आहे.

या दुसऱ्या रूपातून मूळ नैतिक प्रश्न पुढे येतो : किंमत कोण मोजतो? वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकात अप्पासाहेब बेलवलकर प्रारंभीच आपली सारी मिळकत मुलांत वाटून टाकतात. व्यवहाराच्या मापाने ही उणी निवड. अप्पासाहेबांच्या औदार्याच्या मापाने ती भव्य. प्रेक्षक त्या भव्यतेने भारावतो, आणि त्या भरात एक गोष्ट सहज निसटते : निवड अप्पासाहेबांची आहे, पण तिची किंमत कावेरीही मोजते, आणि तिचा मृत्यू अप्पासाहेबांच्या आधी येतो. शोकात्मिकेचा नायक जेव्हा स्वतःचे सर्वस्व पणाला लावतो, तेव्हा त्या 'सर्वस्वा'त इतर माणसे असतात. द्यूतसभेतला युधिष्ठिर याचे आदिरूप आहे. नकुल निवडणाऱ्या त्याच युधिष्ठिराने तेथे भावांना आणि द्रौपदीला पणाला लावले.

५

वसई-विरारच्या परिसराने या प्रश्नाची दोन टोके इतिहास-परंपरेत जपली आहेत. त्यांचा एकत्र विचार उद्बोधक ठरतो.

पहिले टोक नालासोपाऱ्याचे, म्हणजे प्राचीन शूर्पारकाचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. 'दिव्यावदाना'तील पूर्णाची कथा याच नगरीत सुरू होते. पूर्ण हा व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला पुत्र. भूमिकाखेळाच्या भाषेत बोलावयाचे तर जन्माचे फासे त्याच्या विरुद्ध पडलेले. सागरी व्यापारात तो मोठा होतो, आणि भरभराटीच्या शिखरावर असताना प्रव्रज्या घेतो. पुढे तो श्रोणापरांतात जाण्याची अनुज्ञा मागतो. तेथील लोक उग्र आणि कठोर आहेत, ते शिव्या देतील, असे बुद्ध सांगतात. पूर्णाचे उत्तर असे की, ते हात उगारीत नाहीत, एवढे चांगले आहेत असे तो समजेल. हात उगारला तर? शस्त्र चालविले तर? प्राण घेतला तर? प्रत्येक पायरीवर पूर्ण असेच उत्तर देतो. पाली परंपरेतही हा संवाद 'पुण्णोवाद सुत्ता'त आला आहे. सुरक्षिततेच्या मापाने ही निवड पायरीपायरीने अधिकाधिक उणी होत जाते. आणि पायरीपायरीने तिची सारी किंमत पूर्णाच्या एकट्याच्या देहावर येते. दुसऱ्या कोणाला त्याने पणाला लावलेले नाही.

दुसरे टोक वसईचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जी वसई पोर्तुगीजांकडून घेतली, त्याच वसईत ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता, आणि बाजीराव कोकणातून समुद्रमार्गे वसईस आला होता. तहान्वये कंपनीची किमान ६,००० पायदळाची फौज पदरी ठेवणे, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे आणि इतर सत्तांशी इंग्रजांना विचारल्याखेरीज व्यवहार न करणे त्याने मान्य केले. मराठी इतिहासलेखनात या तहाइतकी दूषित ठरलेली निवड दुसरी क्वचितच असेल.

आता असे कल्पावे की एखाद्या ऐतिहासिक भूमिकाखेळात खेळाडूकडे डिसेंबर १८०२ मधील बाजीरावाची भूमिका आली आहे. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. तह नाकारावा, कारण जून १८१८ मध्ये काय होणार आहे हे खेळाडूला ठाऊक आहे. पण मग तो बाजीराव खेळत नाही. बाजीरावाच्या आसनावर बसून इतिहासाचा विद्यार्थी खेळतो. दुसरी वाट, तह करावा, कारण बाजीरावाने केला होता. ही नुसती नक्कल झाली. तीत निवडीचा अंशच नाही. तिसरी वाट अवघड आहे : त्या माणसाचे भय आतून उभे करावे. १८०१ साली विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांचा भाऊ आता पुण्यात विजयी होऊन बसला आहे, आणि ज्याने ती शिक्षा होऊ दिली त्याला त्याच्याशी समेट करावयाचा आहे. या भयाच्या जागेवरून पाहिले तर वसईचा तह उणा राहत नाही. बाजीरावाचे माप गादीचे होते. त्या मापाने तो यशस्वीही ठरला, कारण १३ मे १८०३ रोजी इंग्रजी फौजेच्या बळावर तो पुन्हा पुण्यात आला.

तिसऱ्या वाटेने खेळणारा खेळाडू बाजीरावाला समजून घेतो. पण समजणे म्हणजे क्षमा करणे नव्हे, आणि भूमिकाखेळाची, तशीच ऐतिहासिक कादंबरीचीही, खरी कसोटी याच ठिकाणी लागते. बाजीरावाचे माप उघड झाले की त्या मापाचा दोषही उघड होतो. तहाची किंमत त्याने एकट्याने मोजली नाही. त्याच वर्षी शिंदे आणि भोसले यांना इंग्रजांशी युद्ध करावे लागले, आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे त्यांना आपापले तह करावे लागले. बाजीरावाला स्वतःला १८१८ नंतर वर्षाला ८ लाखांची नेमणूक आणि बिठूरचे वास्तव्य लाभले. तेथे तो १८५१ पर्यंत जगला. ज्याने निवड केली त्याच्या वाट्याला तिचा सर्वांत हलका भाग आला.

पूर्ण आणि बाजीराव यांच्यातील फरक धैर्य आणि भय एवढाच मानला तर विवेचन बोधकथेपाशी थांबेल. भय हीही एक क्षमता आठ असल्यासारखी उणीव आहे. ती असणे हा गुन्हा नाही. नैतिक फरक आहे तो आपल्या उणिवेचा भार कोणावर टाकला यात.

६

हा निकष पुन्हा मेजाकडे आणून तपासता येतो. भूमिकाखेळ एकट्याचा नसतो. वैद्याचे शहाणपण आठ ठेवणाऱ्याच्या सोबत तीन-चार जण आहेत, आणि जखमी झाल्यावर ते त्याच्यावरच विसंबणार आहेत. त्यांना न सांगता घेतलेला आठ हा त्यांच्या खेळावर परस्पर लावलेला कर आहे. त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने घेतलेला आठ मात्र सर्वांच्या कथेचे द्रव्य होतो. आता दुबळा वैद्य ही सर्वांनी मिळून पत्करलेली अडचण आहे, आणि सूट्सच्या व्याख्येतील स्वेच्छा येथे सामूहिक झाली आहे.

कोकणातील दशावताराला हे शास्त्र पूर्वीपासून अवगत आहे. तेथे कथानक ठरलेले, पण संवादांची लेखी संहिता नाही. नट ते ऐनवेळी रचतात. ज्याने राक्षसाचे सोंग घेतले त्याला हरावयाचे आहे हे आरंभापासून माहीत असते, आणि तरी त्याला असे हरावे लागते की समोरच्याचा विजय खरा वाटावा. त्याने मुद्दाम ढिला सवाल टाकला तर पुढच्याचा जबाबही ढिला पडतो. हरणाऱ्याचे कौशल्य जिंकणाऱ्याच्या कामी येते. येथे उणेपण हे दुसऱ्यासाठी केलेले काम आहे.

वाङ्मयाच्या बाबतीत या निकषाला एक मर्यादा आहे, ती नोंदविली पाहिजे. खेळातील सोबती संमती देऊ शकतात. कादंबरीतील पात्रे देऊ शकत नाहीत. कावेरीला कोणी विचारलेले नाही. म्हणून लेखकाची जबाबदारी खेळाडूहून जड आहे. जी संमती मिळविता येत नाही, तिची जागा निदान दखलीने भरून काढावी लागते : नायकाच्या उण्या निवडीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना संहितेत पुरेशी जागा आहे का, हे पाहावे लागते. समीक्षेलाही या ठिकाणी एक उपयुक्त प्रश्न सापडतो. एखाद्या पात्राच्या पराभवाने आपण हेलावतो तेव्हा त्या पराभवाचा हिशेब कोणाच्या नावे मांडला गेला आहे, हे विचारावे. ज्या कृतीत तो हिशेब फक्त नायकाच्या नावे आहे, तिच्यातील उणेपणा गर्प्सच्या खेळाडूने विकत घेतलेल्या दोषासारखा संशयास्पद ठरतो.

बहात्तरांची बेरीज सर्वांना सारखी आहे, आणि आठ टाळण्याची सोय कोणालाच नाही. तो कोठे ठेवला यावरून खेळाडूचे कसब कळते. ठेवल्यानंतर प्रत्येक डावात वजा होणारा एक कोणाच्या दानातून गेला, हे पाहिल्याखेरीज त्याच्या पात्राविषयी निवाडा देता येणार नाही.